मायोर्कातले नऊ दिवस : घाट आपले आणि इतिहास वहिनींचा?

"सप्रेम नमस्कार. माझे वय ५१ असून गेली आठ वर्षे मी नियमित रोड सायकल चालवतो. बहुतेक रविवारी सिंहगड, वर्षातून एकदोनदा पुणे–महाबळेश्वर, आणि २०० किलोमीटरच्या चार ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) आजवर वेळेत पूर्ण केल्या आहेत. येत्या एप्रिलअखेर आम्ही दोघे स्पेनच्या मायोर्का बेटावर नऊ दिवस जाणार आहोत. सा कालोब्रा आणि फोर्मेंतोर हे दोन रस्ते मला चालवायचेच आहेत, आणि जमल्यास तिथल्या ३१२ किलोमीटरच्या राइडमध्येही भाग घ्यायचा आहे. पत्नी शाळेत इतिहास शिकवते. तिला कॅथीड्रल, रोमन अवशेष आणि जुनी गावे पाहायची आहेत. ती सायकल चालवते, पण वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंतच. रोज सकाळी माझी सायकल आणि दुपारनंतर दोघांचे स्थलदर्शन, असे वेळापत्रक मी तिला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे दुपारपर्यंत मी हॉटेलात तुझी वाट पाहायची आणि दुपारनंतर तू म्युझियमच्या बाकावर झोपायचास.' दोन्ही साधेल असा काही मार्ग आहे का? मुक्काम कुठे करावा? स्वतःची सायकल न्यावी का? पत्नी शाकाहारी आहे, तेही लक्षात घ्यावे."
— एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

वहिनींचे म्हणणे बरोबर आहे, आणि हे मी स्वतःवर बेतलेल्या प्रसंगावरून सांगतो. मायोर्काला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही वहीत असेच सकाळ-दुपारचे दोन रकाने आखलेले होते. तिसऱ्या दिवशी डोंगरातून ८० किलोमीटर चालवून आलो, घाईघाईने आंघोळ उरकली आणि पाल्माच्या कॅथीड्रलमध्ये शिरलो. ४४ मीटर उंचीच्या त्या मधल्या दालनात, ज्या रंगीत गोल खिडकीसाठी एवढा आटापिटा केला होता तिच्याकडे तोंड करून बाकावर बसलो आणि पाचव्या मिनिटाला माझी मान पडली. तिथल्या सेवकाने खांद्याला हात लावून उठवले तेव्हा खिडकीतून जमिनीवर पडलेले रंगीत कवडसे जागा बदलून बसले होते. हिने ते सगळे पाहिले होते, मी काहीच पाहिले नव्हते.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा, की दिवसाचे दोन तुकडे करू नका. दमलेले पाय आणि ताजी नजर एका अंगात फार वेळ नांदत नाहीत. नऊ दिवसांपैकी तीन दिवस निखालस सायकलीचे ठेवा, तीन दिवस सायकलीला हातही लावू नका किंवा वहिनींच्या गतीने चालवा, आणि उरलेल्या दिवसांत दोघांनी वेगवेगळ्या वाटेने निघून ठरलेल्या जागी भेटावे. बरोबर चालवण्याचा आग्रह सोडून भेटण्याची जागा आधी ठरवली की निम्मे भांडण तिथेच मिटते. मायोर्कात हे जितके सहज जमते तितके इतर बेटांवर जमेल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या बेटाच्या इतिहासातच आहे.

नकाशा उघडून पाहिलात तर एक गोष्ट वहिनींच्या लगेच ध्यानात येईल. पोयेन्सा आणि पोर्त दे पोयेन्सा, सोयेर आणि पोर्त दे सोयेर, अशा जोड्या तिथे जागोजागी दिसतात. मूळ गाव समुद्रापासून काही किलोमीटर आत आणि त्याचे बंदर किनाऱ्यावर. याचे कारण समुद्रावरून येणारे हल्ले. १५५० मध्ये तुर्की आरमारी सरदार द्रागुतच्या लोकांनी पोयेन्सावर धाड घातली आणि ११ मे १५६१ रोजी सोयेरवर तशीच मोठी धाड आली. दोन्ही गावांत लोकांनी ती परतवली आणि त्याचे सोंग आजही दरवर्षी रस्त्यावर उभे राहते, सोयेरला मे महिन्यात आणि पोयेन्साला २ ऑगस्टला. या भीतीपोटी किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज आले, गावे आत सरकली. आणि भक्तीपोटी म्हणा वा एकांतापोटी, मठ टेकड्यांच्या माथ्यावर गेले. सायकलवाल्याला जो चढ हवा असतो त्याच्या टोकाला तिथे बहुधा एखादा मठ, बुरूज किंवा दीपगृह असते. आपल्याकडे सिंहगडाचा चढ संपतो तिथे गड सुरू होतो, तसेच हे. म्हणून वहिनींनी वाहनाने वर यावे, आपण सायकलने यावे, आणि वरचे दोघांनी मिळून पाहावे.

मुक्कामाविषयी. बहुतेक सायकलपटू आल्कूदियाच्या किंवा पोर्त दे पोयेन्साच्या किनारी हॉटेलांत उतरतात, कारण तिथे सायकलींसाठी कुलूपबंद खोली, धुण्याची जागा, सगळे तयार असते. त्यात गैर काही नाही. पण आपण बाहेर असताना वहिनींना तिथे करायला फारसे काही उरत नाही. त्याऐवजी पहिल्या चार रात्री आतल्या पोयेन्सा गावात काढाव्यात असे मी सुचवीन. दगडी घरांच्या अरुंद गल्ल्या, गावाच्या कडेला रोमन म्हणून ओळखला जाणारा जुना पूल, आणि मधूनच सरळ टेकडीवर चढत जाणाऱ्या काल्वारीच्या ३६५ पायऱ्या, दोन्ही बाजूंना सायप्रसची झाडे. वहिनी या पायऱ्या आपल्याआधी चढतील, कारण आपले पाय आदल्या दिवशीच्या घाटाने भरून आलेले असतील.

तिथून फोर्मेंतोर करा, पण पहाटे. पोर्त दे पोयेन्सापासून दीपगृहापर्यंत एका बाजूने सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता आहे, समुद्रात घुसलेल्या कड्याच्या अंगावरून चढत-उतरत जाणारा, आणि १८६३ पासूनचे ते दीपगृह समुद्रापासून सुमारे २१० मीटर उंचीवर उभे आहे. उन्हाळ्याच्या गर्दीत दिवसा खासगी मोटारींना तिथे मज्जाव असतो, एप्रिलमध्ये मात्र त्या असतात, आणि पहिल्या सज्जाजवळ लोक गाड्या कुठेही उभ्या करतात. उजेड फुटताच निघालात तर रस्त्यावर आपण, वारा आणि शेळ्या, एवढेच. वाटेत दिवे नसलेला बोगदा आहे, तेव्हा पुढचा-मागचा दिवा सायकलीवर हवाच. वहिनींचा नाश्ता आटोपेपर्यंत आपण परत आलेले असाल, आणि उरलेला अख्खा दिवस आल्कूदियाचा.

आल्कूदिया हा वहिनींच्या विषयाचा भाग आहे, त्यामुळे तिथे घाई करू नका. पोर्त दे पोयेन्सापासून उपसागराच्या कडेकडेने सपाट रस्त्याने दहा-एक किलोमीटर गेले की ते गाव येते, म्हणजे हे अंतर वहिनींना सायकलनेही सहज झेपेल. इ. स. पू. १२३ मध्ये रोमन सेनानी क्विंतुस काएचिलिउस मेतेल्लुस याने हे बेट जिंकले आणि इथे पोलेंतिया हे नगर वसवले. त्या नगराची घरे, चौक आणि खडकात कोरलेले छोटे नाट्यगृह गावाच्या तटाबाहेर उघड्यावर पाहायला मिळते. गंमत अशी की पोलेंतिया हे नाव पुढे पोयेन्सा गावाला चिकटले आणि जिथे खरे पोलेंतिया होते त्या जागेला अरबांनी दिलेले नाव राहिले : अल्-कुदिया, म्हणजे टेकडी. बेटावर 'बिनि'ने सुरू होणारी बिनिआराईश, बिनिसालेम, बिनिआमार अशी कितीतरी गावे आहेत, आणि तो 'बिनि' म्हणजे अरबीतला अमक्याचे वंशज. आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने १२२९ मध्ये शहर जिंकून घेण्याआधी तीनशेहून अधिक वर्षे बेटावर मुस्लिम सत्ता होती, हे वहिनींना पुस्तकात शोधावे लागणार नाही, ते रस्त्यावरच्या दिशादर्शक पाट्यांवर दिसेल. आपणही चढावर धापा टाकताना पाट्या वाचत चला. हृदयाचे ठोके मोजण्यापेक्षा ते बरे.

याच मुक्कामातली एक भेट युकच्या मठात ठरवा. पोयेन्साहून फेमेनिया खिंडीच्या चढाने, सुमारे वीस किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत हा मठ आहे. तेराव्या शतकापासूनचे हे बेटावरचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र, काळसर वर्णाच्या मेरीमातेचे. आपल्याकडच्या भक्तनिवासासारख्या खोल्याही तिथे आहेत. वहिनींनी बस किंवा टॅक्सीने यावे. इथे माझी दुसरी फजिती सांगतो. निळे झगे घालणाऱ्या मुलांचे तिथले गायकवृंद प्रसिद्ध आहे, त्याची परंपरा सोळाव्या शतकापासूनची. मी चढ संपवून, सायकल भिंतीला टेकवून, तसाच आत गेलो. मुलांनी नुकताच स्वर लावला होता, देवळात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि माझ्या बुटांच्या क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे तळाचे कडक तुकडे, फरशीवर घोड्याच्या नालांसारख्या वाजत होत्या. मधल्या वाटेत मी थांबलो तर पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. शेवटी बूट हातात घेऊन मोज्यांवर बाहेर आलो. खिशात मावतील अशी क्लीटची रबरी आवरणे मिळतात, किंवा वहिनींच्या पिशवीत आपल्या साध्या चपला असू द्या. खांदे आणि गुडघे झाकणारे काहीतरीही असावे, कारण घट्ट सायकलकपड्यांत प्रार्थनास्थळी जाणे तिथल्यांनाही रुचत नाही, ते बोलून दाखवत नाहीत इतकेच.

आता ३१२ किलोमीटरच्या राइडविषयी, आणि इथे मी आपल्याला नाराज करणार आहे. या खेपेस ती सोडून द्या. ती राइड एप्रिलअखेर असते, २२५ आणि १६७ किलोमीटरचे पर्यायही असतात, बेटाला पूर्ण फेरी मारली तर ३१२ किलोमीटर भरत, त्यावरून तिला हे नाव पडले. मार्ग बदलला तरी नाव टिकले. राइड उत्तम आहे, रस्ते वाहनांना बंद असतात, आणि आपली तयारी पाहता आपण ती पूर्णही कराल. पण हिशेब मांडून पाहा. आदले दोन दिवस आपण पाय राखाल, तो दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत जाईल, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धराल. नऊपैकी चार दिवस गेले. शिवाय नावनोंदणी खूप आधी भरते, आणि त्या आठवड्यात उत्तरेकडची हॉटेले मिळता मिळत नाहीत. ती राइड पुढच्या वर्षी मित्रांबरोबर, चार दिवसांसाठी जाऊन करा. या वर्षी आपण निघण्याची तारीखच एक आठवडा अलीकडे किंवा पलीकडे घेतलीत तर अधिक चांगले.

त्या बदल्यात सा कालोब्राचा दिवस आपल्याला असा आखून देतो, की ३१२ ची आठवणही येणार नाही. त्यासाठी पाचव्या दिवशी मुक्काम सोयेरला हलवा आणि तिथे तीन रात्री राहा.

सा कालोब्राचा रस्ता उलटा आहे, हे प्रथम लक्षात घ्या. बाकी घाट आधी चढावे लागतात. इथे ६८२ मीटरवरच्या रेइस खिंडीतून आधी समुद्रापर्यंत उतरायचे आणि मग त्याच रस्त्याने परत चढायचे, कारण खाली रस्ता संपतो. सुमारे साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ, सव्वीस हेअरपिन वळणे. खाली गाव म्हणावे असे काही नाही. चार-दोन घरे, उपाहारगृहे आणि धक्का. आंतोनियो पारिएत्ती या पाल्माच्या अभियंत्याने १९३२ मध्ये हा रस्ता पुरा केला तोच मुळी पर्यटकांसाठी. आपल्याकडे बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला तो मुंबई आणि पुणे जोडण्यासाठी. हा रस्ता कशालाच कशाशी जोडत नाही. यंत्रांची फारशी मदत नसताना मजुरांनी हातांनी फोडलेला दगड तिथेच भराव म्हणून वापरला, बोगदा एकही काढला नाही, आणि वरच्या भागात जिथे डोंगर जागाच देईना तिथे रस्ता पूर्ण गिरकी घेऊन स्वतःच्याच खालून निघून जातो. त्या गिरकीला तिथले लोक टायची गाठ म्हणतात. फोर्मेंतोरचा रस्ताही याच पारिएत्तींचा. वहिनींना सांगा, की बेटावर पाहण्याजोग्या वास्तूंमध्ये या दोन रस्त्यांचीही नावे लिहून घ्यावीत. आपण त्या वास्तूंवरून सायकल नेता, एवढाच फरक.

तर त्या दिवशी आपण उजाडताच सोयेरहून एकटे निघा. लगेच पुच मायोरचा चढ लागतो, चौदा किलोमीटरचा, एकसारखा, बेटावरचा सर्वांत लांब. आपल्याला पसरणी घाटाची सवय असेल तर हा चढ भीतिदायक नाही, फक्त तो संपतच नाही. वरच्या बोगद्यापलीकडे दोन जलाशयांच्या कडेने गेलात की सा कालोब्राचा फाटा येतो. साडेनऊ-दहापर्यंत आपण खाली समुद्रावर असाल, आणि हे महत्त्वाचे, कारण त्यानंतर पर्यटकांच्या बस उतरू लागतात. चढताना समोरून बस आली तर वैताग येतो. उतरताना वळणात बस आडवी आली तर जिवावर बेतते.

वहिनींनी त्या दिवशी सावकाश उठावे. सोयेरच्या चौकातून, कॉफीच्या टेबलांना घासून जाणारी १९१३ सालची लाकडी ट्राम बंदरापर्यंत जाते. तिथून होडी निघते, ती कड्यांच्या पायथ्यापायथ्याने तासाभरात सा कालोब्राच्या धक्क्याला लागते. समुद्र खवळला तर होडी सुटत नाही, म्हणून या तीन दिवसांतला पहिला शांत दिवस यासाठी वापरा. धक्क्यावर आपण भेटलात की डोंगरातून कोरलेल्या पायवाटेच्या बोगद्यांतून दोघे पारेइस दरीच्या मुखाशी चालत जा. दोन ओढे वर कुठेतरी एकत्र येऊन हा खडक शतकानुशतके कापत आले आहेत. 'पारेइस' म्हणजेच जोडी. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे गोट्यांची अरुंद पुळण आणि पलीकडे एकदम निळे पाणी. वहिनींनी होडीवरून काय पाहिले ते ऐका, आपला चढ किती मिनिटांत झाला ते त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका. जेवण हलकेच ठेवा. दुपारी वहिनी परतीच्या होडीत बसल्या की आपण चढायला लागा. बसल्यामुळे पाय जड झालेले असतील, पहिली दोन किलोमीटर शिव्या द्याल, मग लय सापडेल. परतीला पुच मायोरच्या पलीकडच्या अंगाने चढ बराच कमी आहे आणि शेवटचे चौदा किलोमीटर उतार. एकूण सुमारे ७५ किलोमीटर होतात, पण चढाईच्या मानाने ते आपल्याला दीडशेसारखे वाटतील.

सोयेरमध्ये दुसऱ्या दिवशी सायकलीला सुट्टी द्या आणि १९१२ सालच्या छोट्या रेल्वेने पाल्माला जाऊन या. संत्र्यांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या या गावाला डोंगराने राजधानीपासून तोडले होते. तेरा बोगद्यांतून ही रेल्वे गेली तेव्हा ते अंतर मिटले. डोंगरउतारावरच्या दगडी पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांकडे लक्ष द्या. चुना किंवा माती न वापरता, दगडात दगड बसवून रचलेले हे बांध आणि अरब काळापासूनचे पाण्याचे पाट, यांच्यासाठीच २०११ मध्ये युनेस्कोने त्रामुंताना पर्वतरांगेला जागतिक वारशात स्थान दिले.

तिसरा दिवस देया आणि वाल्देमोसाचा. सोयेरहून समुद्रावर लटकल्यासारख्या रस्त्याने वाल्देमोसा सुमारे वीस किलोमीटर आहे. चढ-उतार आहेत, तेव्हा वहिनींनी भाड्याने बॅटरीची सायकल घ्यावी. हे सुचवताना आपण "ती खरी सायकल नव्हे" असा चेहरा करू नका. ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मोटर मदत करणे थांबवते आणि कायद्यानेही ती तिथे सायकलच मानली जाते. देयाच्या टेकडीवरच्या चर्चला लागून छोटी दफनभूमी आहे. तिथे इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांची कबर आहे; १९२९ मध्ये ते या गावात आले आणि युद्धाचा काळ सोडला तर १९८५ पर्यंत, मरेपर्यंत, इथेच राहिले. संगमरवर नाही, कोरीव अक्षरे नाहीत. ओल्या सिमेंटवर काडीने लिहावे तसे नाव, आणि खाली एकच शब्द, 'पोएता'. कवी. तिथे उभे राहिले की खाली समुद्र दिसतो. वाल्देमोसाच्या मठात संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज साँ यांनी १८३८-३९ चा हिवाळा काढला. पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीत अडकला आणि हातात पडला तेव्हा परतीचे दिवस जवळ आले होते, तरी त्या थंड खोलीत शोपँने आपली प्रेल्यूड, म्हणजे पियानोच्या छोट्या रचना, पुरी केली. इथे तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागेल. सायकलींना कुलूप आणा.

आपल्या तिसऱ्या निखालस सायकलदिवसासाठी मधले सपाट मैदान आणि दक्षिणेच्या टेकड्या आहेत. त्यासाठी शेवटचा मुक्काम पाल्मात ठेवा. रांदा गावावरून वर, ५४३ मीटरवर कुराचा मठ आहे. तेराव्या शतकात रामोन युल हा तत्त्वज्ञ याच डोंगरावर एकांतात राहिला. पुढे फेलानिचजवळ सांत साल्वादोर, पाच किलोमीटरचा चढ आणि माथ्यावर आणखी एक मठ. फेलानिच हे गियेम तिमोनेर यांचे गाव. मोटारसायकलच्या मागे वेगाने सायकल हाकण्याच्या शर्यतीत १९५५ ते १९६५ या काळात ते सहा वेळा जगज्जेते झाले. बेटावर सायकलीचे वेड पर्यटकांनी आणलेले नाही, हे यावरून कळावे. त्या दिवशी वहिनी पाल्मात कॅथीड्रल, शेजारचा आल्मुदाइना राजवाडा आणि अरबी स्नानगृह निवांत पाहतील. वास्तुकार गाउदीने १९०४ ते १९१४ या काळात कॅथीड्रलच्या अंतर्भागात काय काय हलवले, ते त्या संध्याकाळी आपल्याला सांगतील. रविवारी मात्र तिथे केवळ पाहणाऱ्यांना प्रवेश नसतो, तेवढा वार टाळा.

सायकल घरून नेऊ नका. खोक्यात भरणे, विमान कंपनीचे वजनाचे नियम, मुंबईपर्यंतची टॅक्सी, मधल्या विमानतळावरचा बदल, एवढे करून तिथे पोहोचल्यावर गिअर बदलणारा डिरेलर वाकलेला निघतो. बेटावर उत्तम रोड सायकली भाड्याने मिळतात. एप्रिलमध्ये त्या आधीच राखून ठेवाव्या लागतात. आपल्या सायकलीची सॅडलची उंची आणि सॅडल ते हँडल अंतर टेपने मोजून कळवा, पेडल आणि बूट स्वतःचे न्या, कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रे) मोठ्यात मोठे चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचे असलेली मागा. आणि एक गोष्ट दुकानातच तपासा, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला. मी हे ऐकून होतो, तरीही पहिल्याच उतारावर मागचा समजून डावा ब्रेक जोरात दाबला आणि मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले. पडलो नाही, पण पुढचे दोन घाट पोट ढवळत राहिले. तिथे इंग्रज सायकलपटू खूप येतात आणि त्यांचीही सवय आपल्यासारखीच, त्यामुळे ब्रेक अदलाबदल करून मागितलेत तर दुकानदाराला नवल वाटत नाही.

वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे पहिल्या दोन दिवसांत चौकातल्या वर्तुळाशी आठवावे लागते. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचे आहे. मोटारींनी सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचे असते आणि बहुतेक चालक ते ठेवतात. पुण्याहून गेलेल्याला मागे गाडी हॉर्न न वाजवता शांतपणे थांबली आहे हे उमजायलाच वेळ लागतो. सोयेरचा मोटारींचा मोठा बोगदा सायकलींना बंद आहे, तेव्हा पाल्माला सायकलने जायचे असल्यास जुन्या सोयेर खिंडीनेच जावे लागेल. एप्रिलमध्ये किनाऱ्यावर ऊन असले तरी पुच मायोरवर गारठा असतो. चढाने घामाघूम झालेला माणूस उताराला लागला की पाच मिनिटांत बोटे बधिर होतात, म्हणून खिशात पातळ वाराबंद जॅकेट आणि हातमोजे ठेवाच.

वहिनींच्या जेवणाची अडचण होणार नाही, एक सापळा तेवढा सांभाळावा. प्रत्येक बेकरीत साखर भुरभुरलेली, जिलबीसारखी गुंडाळलेली 'एन्साइमादा' दिसेल आणि ती निव्वळ गोड रोटी वाटेल. पण तिच्या नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी, आणि पारंपरिक कृतीत ती असतेच. त्याऐवजी टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल सोडलेला पाव 'पा आंब ओली' हॅमशिवाय मागावा, वांगी-बटाटे-ढोबळी मिरचीच्या थरांचा 'तुंबेत' मांस-मासे नाहीत ना विचारून घ्यावा, आणि अंडे चालत असेल तर बदामाचा 'गातो' हा केक. सोयेरच्या चौकात ट्राम अंगावरून जात असताना तो खायचा असतो, आणि एका तुकड्यात दोघांचे भागत नाही.